दलाली कोणाकडे शिकावी

शाळा बंद झाली तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. तंजावूरच्या एका छोट्या खाजगी शाळेत मी एकोणीस वर्षं हिंदी शिकवलं. मुलं दरवर्षी कमी होत गेली. शेवटी नववीत सहा जण उरले, आणि परीक्षा संपल्यावर शाळेच्या मालकांनी आम्हा शिक्षकांना खोलीत बोलावून सांगितलं की जूनमध्ये येऊ नका. आम्ही चहा घेतला, कपाटातल्या आपापल्या वस्तू पिशवीत भरल्या आणि घरी आलो.

घरी ह्यांना पक्षाघात होऊन दीड वर्ष झालं होतं. ते भाताच्या गिरणीत देखरेखीचं काम करायचे. आता उजवा हात उचलत नव्हता आणि जीभ जड झाली होती. दिवसभर ते बाहेरच्या ओट्यावर खुर्चीत बसून असत. मुलगी चेन्नईत नोकरी करते. आम्ही पिढ्यानपिढ्या तंजावुरात राहिलेले मराठी; तिला आपली मराठी सगळी कळते, पण उत्तर तमिळमध्येच येतं. ती म्हणाली, "अम्मा, आता घरीच राहा, अप्पांना बघ." पण मला घरी राहायचं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या ओट्यावर शेजारी शेजारी बसून दोघांनी म्हातारं होण्याची मला भीती वाटत होती.

आमच्या शाळेतले गणिताचे सर आधीच नोकरी सोडून जमिनीच्या व्यवहारात गेले होते. बाजारात भेटले तेव्हा त्यांना विचारलं. ते म्हणाले, "टीचर, पूर्वीसारखं नुसतं बोलून आता चालत नाही. सरकारकडे एजंट म्हणून नोंदणी करावी लागते. पण फॉर्म भरला, कागद जोडले की मिळते." तेव्हा आमच्याकडे त्या नोंदणीला परीक्षा नव्हती. म्हणजे नंबर मिळाला असता. काम कोण शिकवणार, हा प्रश्न उरला. एकोणीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला आधी नीट शिकल्याशिवाय काही करायला जमत नाही.

ह्यांची थोरली बहीण पुण्याला असते. वन्सं तिकडे हाच व्यवसाय करतात. फोनवर त्या म्हणाल्या, "अगं, इकडे आधी ट्रेनिंग आणि मग परीक्षा असते. मराठीतून देता येते. आपल्या लोकांत देवनागरी येतं कितीजणांना? तुला हिंदीमुळे येतं. तू कर."

"पण वन्सं, तिकडलं सर्टिफिकेट इकडे चालेल का?"

"सर्टिफिकेटचं सोड. कायदा सगळीकडे एकच. शिकशील तरी."

त्यांनी नोट्स पाठवल्या आणि एका ऑनलाइन वर्गात माझं नाव घातलं. मी सकाळी कॉफी झाली की ओट्यावर बसून त्या नोट्स ह्यांना मोठ्याने वाचून दाखवू लागले. सातबारा, फेरफार, बिनशेती, गावठाण. मला अक्षरं वाचता येत होती, पण अर्थ कळत नव्हता. हे अर्ध्या तोंडाने हसत होते. "हे... आपलं नव्हे," ते म्हणाले. आजारपणानंतर त्यांचं हे सर्वात लांब वाक्य होतं. जमाबंदी हा एकच शब्द दोन्हीकडे सारखा निघाला. आमच्याकडेही तालुक्याला वर्षातून एकदा जमाबंदी भरते. तो आला तेव्हा आम्हाला दोघांनाही ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

तिसऱ्या आठवड्यात वर्गाच्या सरांनी फोनच्या पडद्यावरूनच मला विचारलं, "मॅडम, तुमच्या गावी जमीन कोणाच्या नावावर आहे ते कशावर बघाल?"

मी म्हटलं, "पट्टा पाहूं. मग विल्लंगम काढूं."

पट्टा म्हणजे तिकडच्या सातबाऱ्यासारखा, जमीन कोणाच्या नावावर ते सांगणारा कागद; विल्लंगम म्हणजे जमिनीवर मागे कोणकोणते व्यवहार, गहाण, बोजे झाले त्याचा सरकारी उतारा. आमच्याकडे पोरासोरांनाही हा शब्द माहीत असतो. तिकडे कोणाला तो कळला नाही. कोणीतरी हसलं. सर चांगले होते. म्हणाले, "तुमचं मराठी ऐकायला फार गोड आहे हो. पण ताई, तुमच्याकडचं काम तुम्ही तुमच्याकडेच शिकलेलं बरं." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मी वन्संना कळवलं आणि वर्ग सोडला. शाळेत मी सहावीपासूनच्या मुलांना हिंदीतला का-की-के शिकवताना त्यांच्या चुकांना हसायचे, ते मला त्या दिवशी आठवलं.

मग मी दुसरीकडे गेले. नव्या बस स्टँडच्या बाजूला एका मंगल कार्यालयात प्लॉट विकणाऱ्या एका कंपनीने दोन रविवारचं फुकट प्रशिक्षण ठेवलं होतं. तमिळमध्ये होतं, जेवणही होतं. नोंदणी कंपनीच करून देणार होती. आम्ही साठ-सत्तर जण असू. निम्म्याहून जास्त माझ्यासारखेच होते: नोकरी गेलेले, दुकान बंद झालेले, पेन्शन न पुरणारे. सगळ्यांना एक निळी फाइल मिळाली. सूट घातलेला एक तरुण स्टेजवर येऊन दोन तास बोलला. जमिनीचे कागद कसे तपासायचे, त्यावर त्याने पाच मिनिटंसुद्धा घातली नाहीत. उरलेला वेळ हसायचं कसं, फोन कसा उचलायचा, "नाही" ऐकल्यावर काय म्हणायचं, हे सांगत होता.

दुपारी त्याने प्रत्येकाला एक कोरा कागद दिला. "तुमच्या ओळखीच्या वीस माणसांची नावं लिहा. नातेवाईक, शेजारी, जुने सहकारी. हे तुमचे पहिले वीस ग्राहक."

मी लिहायला लागले. माझा भाऊ, चेन्नईला. मावसबहीण, बंगळूरला. शाळेतल्या बाई, ज्यांना माझ्यासारखीच घरी बसायची पाळी आली होती. अकरा नावं झाली आणि पेन थांबलं. वाचून पाहिलं तर त्यातले तिघे वारलेले होते. सवयीने लिहिले गेले होते. आमच्या लोकांची तंजावुरातली घरं एकेक करून रिकामी झाली आहेत, हे मला ठाऊक होतं. कागदावर कधी पाहिलं नव्हतं. शेजारी बसलेला, साडीच्या दुकानात काम केलेला माणूस माझ्या कागदाकडे बघून म्हणाला, "अम्मा, माझी पण नऊच होतायत. फोनमधली कुठलीही घाला. कोण बघतंय?" मी घातली नाहीत. जेवून, पानं उचलल्यावर, कोणाला न सांगता बाहेर पडले. दुसऱ्या रविवारी गेले नाही.

तिसरी वाट ह्यांनी दाखवली. त्यांनी डाव्या हाताने कचेरीच्या दिशेला खूण केली आणि दोन-तीनदा प्रयत्न करून "म्हातारा" एवढं म्हणाले. मला समजलं. सब-रजिस्ट्रार कचेरीसमोरच्या चहाच्या दुकानात एक म्हातारे दलाल वर्षानुवर्षं बसायचे. माझे सासरे त्यांना ओळखत. सत्तरीच्या पुढचे, कमरेला गुंडाळलेलं पांढरं वेष्टी, खांद्यावर टॉवेल, कपाळाला भस्म. मी गेले, सासऱ्यांचं नाव सांगितलं. त्यांनी बाकावर जागा करून दिली.

"अय्या, मला हे काम शिकायचं आहे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. मग म्हणाले, "अम्मा, माझ्याकडे नोंदणी नाही. ते कॉम्प्युटरवरचे फॉर्म मला जमत नाहीत, आणि नोंदणी नसलेल्याला आता कोणी उभं करत नाही. तुम्ही तुमच्या नावाने नोंदणी करा. मी काम शिकवतो. दोघं मिळून करू."

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. मुलीला फोन केला. ती म्हणाली, "व्हिडिओ बघून शिकता येतं ना, अम्मा. त्या म्हाताऱ्यामागे उन्हात कशाला फिरतेस?" मी तिला म्हटलं की वाचून आणि ऐकून दोन्ही करून पाहिलं, आता चालून बघते. मी तो मार्ग निवडला. निवडल्यावर मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सकाळी लवकर जाग आली.

सहा महिने मी त्यांच्याबरोबर बसने फिरले. पापनाशमला, ओरत्तनाडूला, मधल्या खेड्यांत. त्यांची शिकवण्याची रीत मला आवडली. ते जमिनीकडे आधी बघतच नसत. आधी चहाच्या टपरीवर बसत, गप्पा मारत, मग जमिनीकडे जात. "विकणारा सांगतो ते सगळ्यात शेवटी ऐकायचं," ते म्हणत. शेजारच्या घरांच्या भिंतींवर ओलाव्याची रेघ कुठवर चढली आहे ते मला बघायला लावत. कालव्याला पाणी सुटलं की मुद्दाम जायचं, म्हणजे जमीन कुठे बुडते ते दिसतं. एकदा एका खेड्यात त्यांनी मला विचारलं, "अम्मा, गावात मेलेल्या माणसाला कुठल्या वाटेने नेतात, ते विचारलंत का?" मी दचकले. ते म्हणाले, "विचारत जा. ती वाट कोणी भिंत घालून बंद करत नाही. बाकी सगळ्या वाटा बंद होतात."

कागद हातात आला की ते माझ्याकडे देत. "वाचा." मी मोठ्याने वाचायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. मध्येच थांबवायचे. "परत वाचा, चौथी ओळ." मग सांगायचे की ह्या चौथ्या ओळीत भावाची सही का हवी, बहिणीचा हक्क कुठे सुटला. मला ते फार भावलं. मीही वर्गात असंच करायची. पोरांकडून वाचून घ्यायची, मी स्वतः कधी वाचत नसे.

रात्रंदिवस डोक्यात तेच होतं असं नाही, पण मी वही केली होती. त्या वहीत त्यांनी सांगितलेलं सगळं लिहून ठेवत गेले. मधल्या काळात फॉर्म भरला. पॅन, पत्ता, आयकराचे कागद, फोटो. दोनदा त्रुटी दाखवून परत आला. तिसऱ्यांदा नंबर मिळाला. सर्टिफिकेटचा प्रिंट काढून आणला तेव्हा ह्यांनी डाव्या हाताने तो धरला आणि माझ्या फोटोकडे बघत राहिले. "टीचरच... दिसतेस," म्हणाले. अय्यांना दाखवला तर त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, डोळ्यांना लावला आणि परत दिला.

पहिलं गिऱ्हाईक एक निवृत्त जोडपं होतं. गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले, बाई मूळच्या ओरत्तनाडूकडच्या. बाईंना माहेरच्या भागात लहान घर बांधून राहायचं होतं. एका नारळाच्या बागेमागे थोडी जमीन विकायला होती. आम्ही चौघं गेलो. बाईंनी तिथेच उभं राहून ठरवलं की स्वयंपाकघर पूर्वेला, मोगरा विहिरीजवळ. त्या बोलत होत्या आणि मला वाटलं, हे काम चांगलं आहे, मी बरोबर ठिकाणी आले.

प्रश्न एकच होता. बागेतून आत जायला जी वाट होती, ती कोणाची? विकणाऱ्याने जुना दस्त काढून दिला. चाळीसेक वर्षांपूर्वीचा, हाताने लिहिलेला. शाई उडालेली, अक्षर दस्तलेखकाचं, एकात एक गुंतलेलं. मला दोन ओळींपुढे काही लागेना. मी तो अय्यांकडे दिला. त्यांनी तो धरला, बोट ओळींवरून हळूहळू फिरवलं आणि म्हणाले, "उत्तरेला आठ फुटांची वाट. सामाईक." मी वहीत लिहिलं. त्या जोडप्याला तसंच सांगितलं, माझ्या तोंडाने, माझ्या नोंदणीच्या भरवशावर.

तीन आठवड्यांनी ते दोघं आमच्या घरी आले. आत या म्हटलं तर आले नाहीत. ओट्यापाशीच उभे राहिले. ह्यांनी खुर्चीतून मान हलवून नमस्कार केला. खरेदी करण्याआधी त्यांनी आपल्या वकिलाकडून दस्त वाचून घेतला होता. सामाईक वाट त्यात कुठेच नव्हती. शेजारच्या बागवाल्याने स्वतः हयात असेपर्यंत जाण्यायेण्याची परवानगी दिली होती, एवढंच होतं. तो बागवाला वारला होता. मुलांनी कुंपणाचे दगड आणून टाकले होते.

"टीचर," ते गृहस्थ म्हणाले, "तुम्ही आम्हाला फसवलंत असं आम्ही म्हणत नाही. पण तुम्हाला वाचता आलं नव्हतं, तर तसं सांगायला हवं होतंत."

बाई रस्त्याकडे बघत होत्या. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एकोणीस वर्षांत कोणी मला असं बोललं नव्हतं, आणि त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

मी तशीच चहाच्या दुकानात गेले. अय्या नेहमीच्या बाकावर होते. मी सगळं सांगितलं. ते आधी म्हणाले, "वकिलांना काय कळतं. ती वाट मी पाहिली आहे. तुमच्या लग्नाआधीपासून पाहिली आहे."

"वाट असेल अय्या. दस्तात काय होतं?"

ते खांद्यावरचा टॉवेल सारखा करू लागले. दुकानदाराने वडे बांधायला फाडून ठेवलेल्या वर्तमानपत्राचा एक तुकडा माझ्यासमोर होता. मी तो उचलून त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "हे वाचा."

मी असं का केलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. वर्गात चोरून कॉपी करणाऱ्या पोराला सगळ्यांसमोर उभं करतात, तसं केलं. त्यांनी तो तुकडा हातात धरला. उजेडाकडे नेला. पुन्हा जवळ आणला. दुकानदार बघत होता. मग त्यांनी तो घडी घालून बाकावर ठेवला.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याचा उपयोग नाही म्हणाले. माणसं दिसतात, झाडं दिसतात. अक्षरांच्या जागी धूर दिसतो."

"मला का सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याकडे शिकायला आला असतात?"

मी आले नसते. सहा महिने ते डोळे मिटून का ऐकत होते, सर्टिफिकेट हातात घेऊन न वाचता डोळ्यांना का लावलं, सगळं एकदम कळलं. त्यांनी मला जे शिकवलं ते खरंच होतं. भिंतीवरची रेघ, कालव्याचं पाणी, भावाची सही, सगळं खरं. फक्त त्या एका दिवशी, पहिल्या गिऱ्हाइकासमोर, "मला दिसत नाही" म्हणायचं त्यांना जड गेलं. आणि "मला वाचता येत नाही" हे म्हणायचं मलाही जड गेलं होतं. उठताना मी "येते" म्हटलं, त्यांनी मान हलवली.

कचेरीच्या आवारात सगळे एकमेकांना ओळखतात. दोन दिवसांत सगळ्यांना कळलं. अय्यांना कोणी काही बोललं नसेल, पण लोक त्यांच्याकडे कागद आणेनासे झाले. महिन्याभराने तिरुप्पूरहून त्यांचा मुलगा आला आणि त्यांना घेऊन गेला. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी दुकानदाराकडे माझ्यासाठी निरोप ठेवला होता, की एकदा येऊन जा. मला निरोप वेळेवर मिळाला. मी गेले नाही. रागावून गेले नाही असं तेव्हा स्वतःला सांगितलं. आता वाटतं, मी दिलेला तो कागदाचा तुकडा त्यांच्या समोर पुन्हा उभा राहू नये म्हणून गेले नाही. ते आज आहेत की नाहीत, मला माहीत नाही. त्यांच्या मुलाचा नंबर मिळवता येईल. मिळवलेला नाही.

त्यानंतर मी एकटीने प्रयत्न केला. जुनी अक्षरं वाचायला शिकावं म्हणून एका दस्तलेखकाकडे गेले. तो म्हणाला, "आता कोण हाताने लिहितं, अम्मा? वर्षभरात हे सगळं स्कॅन होईल." आमच्याकडेही परीक्षा येणार, ट्रेनिंग सक्तीचं होणार, असं लोक बोलत. मी चौकशी केली. कोणाला नक्की काही सांगता आलं नाही. गिऱ्हाइकं फोनवरच फोटो बघून येत, आणि मी गेटपाशी पोचेपर्यंत त्यांचं ठरलेलं असे. चार वर्षांत माझ्या हातून दोन घरं भाड्याने गेली. जमीन एकही नाही. संध्याकाळी तीन मुलांना हिंदीची शिकवणी घेते.

ह्यांना गेल्या वर्षी दुसरा झटका आला. आता ते बोलत नाहीत. माझं बोलणं कळतं का ते डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही. घरात मराठी मी एकटीच बोलते. सकाळी कॉफी देताना, अंग पुसताना, पावडर लावताना. उत्तराची सवय गेली आहे, तरी थोडं थांबते.

मुलगी आता म्हणते की घर विकून दोघं चेन्नईला या. "अम्मा, तुझ्याकडे तर लायसन्स आहे," ती म्हणाली. "तूच विक." ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच वाटतं की ते काहीतरी उपयोगाचं आहे.

मागच्या महिन्यात एक माणूस घर बघायला आला. चाळिशीचा, नीट बोलणारा, बायकोसाठी फोटो काढत होता. मी त्याला सगळ्या खोल्या दाखवल्या. ह्यांच्या खोलीचं दार अर्धंच उघडलं. मागच्या अंगणात गेल्यावर मी त्याला सांगितलं की ही भिंत पावसात ओल धरते, कमरेपर्यंत. शेजाऱ्यांच्या मोरीचं पाणी इकडे उतरतं. कागद पूर्ण आहेत, पण सासऱ्यांच्या बहिणीची एक सही राहून गेली होती, ती नंतर घेतली आहे, वकिलाला दाखवून घ्या.

तो भिंतीकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "अम्मा, एजंट कोण आहे?"

"मीच," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. बायकोशी बोलून कळवतो म्हणाला. अजून कळवलेलं नाही.